लॉनच्या करप्यावर कोणतं औषध लागू पडतं, ते आपल्याच लॉनवर तपासा

जुलैत पुण्यात झिमझिम लागून राहिली आणि रात्रीचा पारा २२-२३ अंशांखाली उतरेना, की लॉनवर तपकिरी चट्टे उमटतात. सोसायटीच्या कमिटीचा फोन येतो, "ताई, काहीतरी मारा." दुकानदार देईल ते औषध अख्ख्या लॉनवर फवारलं जातं. पुढे पाऊस उघडतो, गवत आपसूक सावरतं आणि श्रेय औषध घेऊन जातं. बाणेर-औंधकडच्या सोसायट्यांच्या बागा मी सांभाळते आणि माझा आग्रह एकच असतो: थोडी जागा बिनऔषधाची ठेवल्याशिवाय कुठल्याही औषधाला शाबासकी देऊ नका.

आधी रोग ओळखा. सकाळी साडेसहाच्या सुमारास, पानं ओली असतानाच लॉनवर उकिडवं बसा. चट्ट्याच्या मधोमध बघून उपयोग नाही, तिथलं गवत मेलेलं असतं. कड बघा. तिथली पानं काळपट, तेलकट, चिमटीत बुळबुळीत लागत असतील आणि त्यांवर कापसासारखी पांढरी जाळी असेल, तर पिथियम या बुरशीसारख्या रोगजंतूचा संशय घ्या. पानावर फिकट डाग, त्याला गडद तपकिरी किनार आणि चट्टा गोलाकार पसरत चाललेला, तर बहुधा रायझोक्टोनिया ही बुरशी. ऊन चढलं की जाळी दिसेनाशी होते, म्हणून वेळ चुकवू नका. खात्री पटत नसेल, तर कडेचं गवत मुळांसकट उपटून शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र विभागात विचारा.

ही ओळख पैशांचा प्रश्न आहे. पिथियम ही खरी बुरशीच नाही, तिच्यावर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक कितीही मारा, फरक पडत नाही. तिथे मेटॅलॅक्झिल असलेलं औषध लागतं. उलट रायझोक्टोनियावर मेटॅलॅक्झिल वाया जातं. तिथे हेक्झाकोनॅझोल किंवा अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन तपासा. भाताच्या पर्णकोष करप्यामागेही रायझोक्टोनियाच असते. दुकानदाराला लॉनपेक्षा भाताचं नाव लवकर कळतं. दोन-तीन औषधं निवडा, पण वेगवेगळ्या रासायनिक गटांतली. दोन कंपन्यांच्या डब्यांत एकच घटक असेल, तर त्यांची तुलना करून हाती काही लागत नाही.

आता वाफे. खुंट्या आणि सुतळीने एक मीटर बाय एक मीटरचे चौकोन आखा, दोन चौकोनांत अर्धा मीटर मोकळा ठेवा. तीन औषधांचे तीन वाफे आणि एक कोरा, म्हणजे बिनऔषधाचा वाफा, असे चार वाफे मिळून एक पट्टा. असे चार पट्टे. इमारतीच्या सावलीतला एक पट्टा, उन्हातला एक, पाणी साचतं तिकडे एक, अशी वाटणी करा. एका पट्ट्यातले चारही वाफे मात्र सारख्याच परिस्थितीत हवेत. कुठल्या वाफ्याला काय, ते प्रत्येक पट्ट्यात चिठ्ठ्या टाकून ठरवा. हाताने ठरवलं, की आवडीचं औषध नकळत बऱ्या गवतावर जाऊन बसतं. कापणी, पाणी, खत सगळीकडे एकसारखं. युरिया या दिवसांत नकोच, कोवळी लुसलुशीत पानं रोगाला आयतीच मिळतात.

फवारणीसाठी मोठा पाठीवरचा पंप नको, दोन लिटरचा हातपंप घ्या. एका वाफ्याला १०० मिली पुरतं. चार वाफ्यांसाठी ५०० मिली द्रावण करा. लेबलवर लिटरला २ ग्रॅम असेल, तर १ ग्रॅम पावडर लागेल. ती चमच्याने अंदाजे घेऊ नका, सराफाकडे असतो तसा छोटा काटा वापरा. पातळ औषधाला सिरिंज. कोऱ्या वाफ्यांवर तेवढंच साधं पाणी आधी फवारा. औषध बदलताना पंप तीनदा धुवा. वाफ्याभोवती पुठ्ठे उभे धरा, म्हणजे तुषार शेजारी जात नाहीत. पानांवर औषध नीट सुकेल अशी उघडीप बघा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कापणी नको. हातमोजे, मास्क, चष्मा हवाच.

मोजणी डोळ्यांच्या अंदाजाने होत नाही. मीटरभराच्या पीव्हीसी चौकटीत दर १० सेंटीमीटरवर उभी-आडवी सुतळी ताणली की १०० घरं होतात. रोग दिसणारी घरं मोजा, तीच टक्केवारी. पहिली मोजणी फवारणीआधी, नंतर दर आठवड्याला. कुठे काय मारलंय ते ठाऊक नसलेल्या माणसाला मोजायला सांगा. आमच्या माळीकाकांची नात हे काम फार चोख करते. गवत बुटकं, निळसर हिरवं झालंय का तेही लिहा. हेक्झाकोनॅझोलसारखं ट्रायझोल गटातलं औषध जास्त झालं की वाढ खुंटते.

चारही पट्ट्यांत एखादं औषध कोऱ्या वाफ्यापेक्षा स्पष्ट सरस ठरलं, तर माझा त्यावर विश्वास बसतो. दोन पट्ट्यांत सरस, दोनांत नाही, तर निकाल लागला नाही असंच वहीत लिहा. कोरे वाफेही बाकीच्यांइतकेच सुधारले असतील, तर ते काम हवेचं, औषधाचं नव्हे.

उरलेलं द्रावण पावसाळी गटारात ओतू नका, ते थेट नदीला मिळतं. कात्रणं गोठ्यात देऊ नका. आणि हरळीचं लॉन असेल, तर वाफ्यांशेजारी ठळक पाटी लावाच: गणपतीत लोक पहाटे येऊन तिथल्याच दूर्वा खुडतात.