‘दुसऱ्या’ नीट उमटावे म्हणून: फुलटिक स्वतः कंपाइल करताना

मी मुद्रितशोधक आहे. लेखक ज्यांत हमखास चुकतात अशा शब्दांची एक यादी माझ्याजवळ वर्षानुवर्षे वाढत गेली आहे. ती पटकन चाळता यावी म्हणून मी सी प्लस प्लसमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. वर शोधायची जागा, खाली यादी, बस्स. खिडक्या आणि बटणे काढण्यासाठी टूलकिट निवडले एफएलटीके. ‘फुलटिक’ असा त्याचा उच्चार त्याच्या कर्त्यांनीच सांगून ठेवलाय. ते लहान आहे, लवकर कंपाइल होते (म्हणजे मूळ कोडवरून चालणारे रूप लवकर तयार होते) आणि जुन्या संगणकावरही चपळ चालते.

खिडकी उघडली आणि पहिल्याच ओळीत ‘दुसऱ्या’ मोडलेला दिसला. ऱ सुटा, त्याच्या पायाशी हलन्त, पुढे एकटा य. ‘विद्यार्थी’ तर वाचवेना. पहिली वेलांटी ‘व’च्या आधी यायची ती नंतर आलेली, ‘द्य’ची फोड झालेली, रफार कुठेच नाही. फाइल तपासली तर तिच्यातला मजकूर अगदी शुद्ध होता. चूक चित्र काढणाऱ्याची होती.

असे का होते हे आधी समजून घेतले की पुढच्या पायऱ्यांचा अर्थ लागतो. युनिकोडमध्ये ‘कि’ म्हणजे आधी क, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. ‘र्थी’मधला र आधी साठवलेला असतो, पण तो उमटतो शेवटी, रफार होऊन, डोक्यावर. साठवणीच्या क्रमातून दिसण्याचा क्रम आणि जोडाक्षराचा आकार ठरवणे, हे वेगळेच काम आहे. लिनक्सवर ते काम हार्फबझ ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमांना वापरता येणारा तयार कोड, करते आणि मजकूर मांडणारी पँगो ही दुसरी लायब्ररी तिच्याकडून ते करवून घेते. पँगो हे नाव ग्रीक ‘पॅन’ म्हणजे सर्व आणि जपानी ‘गो’ म्हणजे भाषा यांच्या जोडणीतून आले आहे. ते मला फार आवडते. फुलटिक मात्र एक्स-इलेव्हन या लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेवर, तुम्ही वेगळे सांगितले नाहीत तर, पँगोकडे जात नाही. एक्सएफटी नावाच्या लायब्ररीकडून एकेक चिन्ह आले तसे शेजारी शेजारी मांडून घेते. रोमन लिपीचे तेवढ्यावर भागते, आपले भागत नाही. विंडोज आणि मॅकवर जोडाक्षरांचे काम यंत्रणाच करते, म्हणून ही अडचण तिथे येत नाही. लिनक्सवर तयार पॅकेज पँगोशिवाय बांधलेले असेल, तर स्वतः कंपाइल करण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

आता आज्ञा. मी त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे, फोनवर कुणाला सांगावे तशा. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

पहिले काम साहित्य जमवण्याचे. सी प्लस प्लसचा कंपायलर, बांधकामाची आखणी करणारा सीमेक आणि लायब्रऱ्या कुठे आहेत ते सांगणारे पीकेजी-कॉन्फिग ही तीन हत्यारे लागतात. त्यानंतर लायब्रऱ्या, आणि नवखी माणसे अडखळतात ती इथेच. पँगो तुमच्या संगणकावर बहुधा आधीपासून असते, कारण डेस्कटॉपचे अर्धे प्रोग्रॅम तिच्यावर चालतात. पण चालवायला लागते ती लायब्ररी आणि कंपाइल करायला लागतात त्या हेडर फाइली, ही दोन वेगळी पॅकेजे असतात. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स वितरणांत हेडरच्या पॅकेजच्या शेवटी ‘डेव्ह’ असते, फेडोरात ‘डेव्हेल’. डेबियनवर लागणारी मुख्य नावे अशी: लिबपँगो१.०-डेव्ह, लिबएक्स११-डेव्ह, लिबएक्सएफटी-डेव्ह, लिबएक्सकर्सर-डेव्ह, लिबएक्सफिक्सेस-डेव्ह, लिबएक्सइनेरामा-डेव्ह, लिबएक्सरेंडर-डेव्ह. त्रिमितीय चित्रांसाठी ओपनजीएल हवे असेल तर लिबजीएल१-मेसा-डेव्ह आणि लिबजीएलयू१-मेसा-डेव्ह. वेलँड ही एक्स-इलेव्हनच्या जागी आलेली नवी यंत्रणा. तिच्यासाठी लिबवेलँड-डेव्ह, वेलँड-प्रोटोकॉल्स, लिबएक्सकेबीकॉमन-डेव्ह आणि लिबडीबस-१-डेव्ह. नोम या डेस्कटॉपवर वेलँड वापरत असाल तर लिबजीटीके-३-डेव्हही घ्या. खिडकीची शीर्षकपट्टी इतर खिडक्यांसारखी दिसायला ते लागते.

वेलँडच्या पॅकेजांचा कंटाळा करू नका. फुलटिकच्या १.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०२४च्या नोव्हेंबरपासून, वेलँडचा आधार आला आणि वेलँडसह बांधलेले फुलटिक पँगो वापरतेच. तेच बांधकाम एक्स-इलेव्हनवरही चालते, आणि तिथेही अक्षरे पँगोच काढते. म्हणजे आपले काम दोन्हीकडे होते. पण वेलँडची यातली एखादी मुख्य गोष्ट सापडली नाही, तर सीमेक थांबत नाही. वेलँड बंद केल्याची एक ओळ छापून तो पुढे जातो, आणि वेलँडच्या पाठोपाठ पँगोही निसटते.

सोर्स, म्हणजे मूळ कोड, फुलटिकच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. १.४ मालिकेतली सर्वांत ताजी स्थिर आवृत्ती निवडा, रोज बदलणारा स्नॅपशॉट नको. संकुचित फाइल उलगडा आणि टर्मिनलमधून त्या फोल्डरमध्ये जा. तिथे ‘रीडमी’ नावाने सुरू होणाऱ्या फाइली दिसतील. त्यांतल्या सीमेकच्या आणि वेलँडच्या तरी वाचाच. नेमक्या लिहिल्या आहेत, आणि तुमच्याजवळच्या आवृत्तीबद्दल त्यांचाच शब्द अखेरचा.

मग तयारीची आज्ञा:

सीमेक -बी बिल्ड -डी सीमेक_बिल्ड_टाइप=रिलीज -डी एफएलटीके_यूज_पँगो=ऑन

‘बी’ आणि ‘डी’ मोठ्या लिपीत. पर्यायांची नावे पूर्ण मोठ्या लिपीत, शब्दांमध्ये अंडरस्कोर. बिल्ड हे फोल्डरचे नाव लहान लिपीत. सगळे बांधकाम त्याच्या आतच होते, सोर्सला धक्का लागत नाही. वेलँड असताना पँगोचा पर्याय वेगळा द्यावा लागत नाही, तरी मी तो देते. वेलँड काही कारणाने गळले तर तो आपल्याला सांभाळून घेतो. जुन्या लेखांत याच पर्यायाचे नाव ‘ऑप्शन’ने सुरू होते. ते जुने आहे, तिकडून उचलू नका.

इथे माझे दोन दिवस गेले. पर्यायाच्या नावात माझा एक अंडरस्कोर राहिला होता. सीमेकने चूक म्हणून आज्ञा नाकारली नाही. अनोळखी नाव दिले की तो ते मुकाट्याने ठेवून घेतो आणि अगदी शेवटी एवढेच बजावतो की हाताने दिलेला अमुक पर्याय या प्रकल्पाने वापरला नाही. ती ओळ माझ्या नजरेतून सुटली. मी कंपाइल केले, बसवले, खिडकी उघडली, तर ‘दुसऱ्या’ मोडलेलाच. मग फाँट बदलत बसले, फाइलचे एन्कोडिंग तपासत बसले. म्हणून सांगते, सीमेक थांबल्यावर वर सरकून त्याने छापलेले सारे शांतपणे वाचा. फुलटिक शेवटी एक सारांश छापते. त्यात पँगोची ओळ शोधा. तिथे होकार दिसल्याशिवाय पुढची आज्ञा देऊ नका.

काही राहिलेच असेल तर पॅकेज बसवा, आणि पुन्हा सीमेक चालवण्याआधी बिल्ड फोल्डर सरळ पुसून टाका. सीमेक पहिल्या तपासणीतली बरीच उत्तरे सीमेककॅश नावाच्या फाइलीत जपून ठेवतो, आणि एकदा दिलेला ‘ऑफ’ तुम्ही विसरलात तरी तो विसरत नाही. फोल्डर पुसण्यात नुकसान काही नाही, तपासणीला लागतात थोडे सेकंद.

कंपाइल करणे सोपे आहे:

सीमेक --बिल्ड बिल्ड -जे ४

चार म्हणजे एका वेळी चार फाइली. प्रोसेसरचे गाभे जास्त असतील तर आकडा वाढवा, मेमरी बेताची असेल तर दोनवर आणा. मधूनच इशारे आले तर घाबरू नका. ‘एरर’ आला तर मात्र शेवटची नव्हे, पहिली चूक वाचा. एकाच वेळी चार कामे चालू असल्याने पहिली चूक बरीच वर गेलेली असते, आणि तिच्यात बहुधा न सापडलेल्या एखाद्या हेडरचे नाव असते. त्याच नावाचे ‘डेव्ह’ पॅकेज राहिलेले असते.

बसवण्याआधी परीक्षा घ्या. बिल्डच्या आत बिन, त्याच्या आत टेस्ट, तिथे नमुन्याचे प्रोग्रॅम तयार झालेले असतात. त्यांतल्या ‘हॅलो’वर एलडीडी ही आज्ञा चालवा. तो प्रोग्रॅम कोणकोणत्या लायब्रऱ्यांवर उभा आहे याची यादी येते. त्या यादीत लिबपँगो दिसले तर जिंकलात. सारांशापेक्षा माझा विश्वास या यादीवर अधिक आहे.

मग मराठीची परीक्षा. सोर्सच्या टेस्ट फोल्डरमधली हॅलोची फाइल आपल्या कामाच्या फोल्डरमध्ये उतरवून घ्या आणि तिच्यातल्या ‘हॅलो, वर्ल्ड’च्या जागी मराठी शब्द लिहा. फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करा. फुलटिक १.३पासून सगळा मजकूर त्याच एन्कोडिंगमध्ये मागते. त्या नमुन्यात अक्षरे ठळक आणि तिरकी करणारी एक ओळ आहे. ती काढून टाका, कारण देवनागरीच्या बहुतेक फाँटांना तिरके रूप नसते. मग सरळ रूपच ओढून तिरके केले जाते आणि मात्रा व रफार कुठे बसलेत ते नीट दिसत नाही.

शब्द कोणते घ्यावेत याचा मी बराच विचार केला आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ शेजारी शेजारी लिहा. समुद्राला रफार, डोंगरातल्यांना आडवा अर्धा र. दोन्ही सारखे दिसले किंवा दुसऱ्यात हलन्त उघडा राहिला, तर जोडणी चुकली. हा अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिलेला आढळतो. एकात नुक्ता असलेला ऱ, म्हणजे युनिकोडचा ०९३१ क्रमांक, आणि पुढे हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. तुमच्याकडे जुना मजकूर असेल तर दोन्ही तऱ्हा तपासा. त्यानंतर ‘विद्यार्थी’, त्यात दोन्ही वेलांट्या, द्य आणि रफार एकदम तपासून होतात. ‘कर्तृत्व’ घ्या, रफार आणि ऋकार एकाच अक्षरावर. ‘शृंगार’ घ्या. ‘वाङ्मय’ही घ्या, पण त्यात ङ खाली हलन्त दिसला तर फुलटिकला दोष देऊ नका. कित्येक फाँटांत ती जोडणी काढलेलीच नसते. ल आणि श यांचे मराठी वळण की हिंदी, हाही मुख्यतः फाँटचाच प्रश्न. एफसी-लिस्ट :लँग=एमआर ही आज्ञा मराठी येणारे फाँट दाखवते. यादी रिकामी आली तर नोटो सान्स देवनागरी बसवा. अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसले तर कारण हेच असते.

शक्य असेल तर परीक्षा दोनदा करा. आज्ञेच्या आधी एफएलटीके_बॅकएंड=एक्स११ लिहिले की वेलँडच्या डेस्कटॉपवरही प्रोग्रॅम एक्स-इलेव्हनच्या वाटेने उघडतो. इथे ‘एक्स’ लहान लिपीत.

सगळे ठीक असेल तर बसवा:

सुडो सीमेक --इन्स्टॉल बिल्ड

फाइली यूएसआर/लोकलच्या आत जातात. ती जागा हाताने बसवलेल्या गोष्टींसाठीच आहे. थेट यूएसआरमध्ये बसवायचा मोह टाळा. तो प्रदेश पॅकेज मॅनेजरचा, आणि पुढच्या अपडेटला तो तुमच्या फाइलींवर आपल्या फाइली लिहील. सुडोचे, म्हणजे प्रशासकाचे, अधिकार नसतील तर तयारीच्या आज्ञेत सीमेक_इन्स्टॉल_प्रिफिक्स हा पर्याय देऊन आपल्या होम फोल्डरमधली जागा सांगा. बसवून झाले की बिल्ड फोल्डरमध्ये इन्स्टॉल_मॅनिफेस्ट नावाची मजकुराची फाइल तयार होते. कुठे काय ठेवले त्याची ती पूर्ण यादी असते. तिची एक प्रत जपून ठेवा. उद्या फुलटिक काढायचे ठरले तर कोणत्या फाइली पुसायच्या ते तीच सांगेल.

शेवटचा खड्डा एफएलटीके-कॉन्फिगचा. ‘एफएलटीके-कॉन्फिग --कंपाइल हॅलो.सीएक्सएक्स’ एवढ्याने तुमची फाइल कंपाइल होऊन जोडली जाते, फार सोयीची गोष्ट. पण लिनक्स वितरणाचे जुने फुलटिकही संगणकावर असेल तर त्याच नावाची दोन हत्यारे होतात. ‘विच एफएलटीके-कॉन्फिग’ने कोणते उचलले जाते ते पाहा, आणि ‘--व्हर्जन’ देऊन आवृत्ती विचारा. जुने उचलले जात असेल तर नव्याचा पूर्ण पत्ता लिहा. फुलटिक स्थिर लायब्ररी म्हणून बांधले जाते, म्हणजे ते तुमच्या प्रोग्रॅमच्या आतच मिसळून जाते. त्यामुळे आधी कंपाइल केलेला प्रोग्रॅम नवे फुलटिक बसवल्याने आपोआप सुधारत नाही, तो पुन्हा कंपाइल करावा लागतो. परवाना एलजीपीएल आहे, त्याला स्थिर जोडणीची खास मुभा दिलेली आहे.

मी माझी यादी पुन्हा कंपाइल केली आणि उघडली. पहिल्या ओळीत ‘दुसऱ्या’ होता, अर्धा र जागच्या जागी. खाली सरकत गेले, ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’, ‘पायऱ्या’. मग ‘पायऱ्या’च्या पुढच्या ओळीत, शुद्ध रूपाच्या रकान्यात, माझ्याच हातून राहिलेला एक चुकीचा ऱ्हस्व उकार दिसला, आणि तो दुरुस्त करून मी फाइल जतन केली.