कॉलेजात असतानाच नीट बोलायला कसं शिकायचं

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेची अंतिम यादी २०२५ गुणांवर लागते, त्यातले २७५ गुण मुलाखतीचे. प्रॅक्टिकलची तोंडी परीक्षा असो, लॉ कॉलेजचं मूट कोर्ट (सरावासाठी चालवलेला खोटा खटला) असो की नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रातल्या कंपनीचं ग्रुप डिस्कशन, तिथे वही कोणी तपासत नाही. तरी बोलण्याची तयारी होते ती स्पर्धेच्या आदल्या रात्री. खरं तर कॉलेजात यासाठी जे मिळतं ते नोकरी लागल्यावर मिळत नाही: लेक्चर संपल्यावर रिकामा राहणारा वर्ग आणि चुका ऐकून घेणारे मित्र.

सहा जणांचा गट करा, शक्यतो वेगवेगळ्या शाखांचा. कॉमर्सच्या मुलीला समजेल असं सांगायचं म्हटलं की केमिस्ट्रीवाल्याला आपोआप सोपं बोलावं लागतं. आठवड्यातून एक तास ठरवा. प्रत्येकाने तीन मिनिटं बोलायचं, मग दोन मिनिटं बाकीच्यांनी सांगायचं. एकाने घड्याळ सांभाळावं, दुसऱ्याने ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’, ‘तर’ किती वेळा आलं ते कागदावर रेघा मारून मोजावं. ‘छान झालं’ हा अभिप्राय बंद. ‘दुसरा मुद्दा समजला नाही, कारण उदाहरण आधी आलं आणि मुद्दा नंतर’, असं सांगितलं तर पुढच्या आठवड्यात सुधारता येतं.

भाषण लिहिताना शब्द मोजा. सावकाश, समजेल असं मराठी बोललं तर मिनिटाला साधारण ११० शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांना साडेपाचशे. आठशे शब्द लिहिले की घाई होते आणि घाईत शेवट गळतो. आधी एका वाक्यात लिहा: ऐकणाऱ्याने घरी जाताना काय लक्षात ठेवावं? ते वाक्य जमत नसेल तर भाषणही अजून तयार नाही.

सुरुवातीचं एक उदाहरण घेऊ. विषय नागपूरची नाग नदी. ‘सन्माननीय व्यासपीठ, परीक्षक महोदय आणि माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आज मी आपल्यासमोर जे दोन शब्द मांडणार आहे, ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्याल अशी आशा बाळगतो.’ यात पंधरा-वीस सेकंद गेले आणि नदी अजून आलीच नाही. त्याऐवजी एक छोटा नमस्कार, दोन सेकंद शांतता आणि मग: ‘जिच्यावरून आपल्या शहराला नाव मिळालं, त्या नदीला आपण नाला म्हणतो.’ आता सभागृह तुमचं. शेवटी ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ हेही काढून टाका. शेवटचं वाक्य ठाम म्हणा आणि थांबा.

मांडणी शिकायला १५ ऑक्टोबर १९५६ चं, धर्मांतर सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशीचं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नागपूरचं भाषण जरूर वाचा. समारंभासाठी नागपूरच का निवडलं, हा लोकांच्या मनातला प्रश्न त्यांनी सुरुवातीलाच हाती घेतला आणि नाग लोकांच्या इतिहासातून त्याचं उत्तर दिलं. ऐकणारा मनात जो प्रश्न घेऊन आलाय, तो आधी सोडवा. तोवर तो तुमचं बाकीचं ऐकत नाही.

भाषण शब्दन् शब्द पाठ करू नका. पाठांतरात प्रत्येक शब्द मागच्याला लटकलेला असतो, एक निसटला की पुढचं सगळं जातं. पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं पाठ ठेवा, मधल्यासाठी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मुद्द्यांचे पाच-सहा शब्द. तरीही अडखळलात तर माफी मागू नका. मागचं वाक्य सावकाश पुन्हा म्हणा आणि पुढच्या मुद्द्यावर जा.

आवाजाचा सराव उन्हाळ्यात कूलर सुरू असलेल्या वर्गातच करा. एकाला शेवटच्या बाकावर बसवा. ओरडून फायदा नाही, घसा बसतो. वाक्याचा शेवट पोचतो का, ते त्याला विचारा. मराठीत क्रियापद शेवटी येतं. तिथेच श्वास संपून आवाज पडला तर ‘परवानगी द्यायला हवी’ की ‘द्यायला नको’, हेच मागच्याला कळत नाही. अख्खा युक्तिवाद उलटा पोचतो! यासाठी रोज पाच मिनिटं: पोटावर हात ठेवून चार आकड्यांत श्वास घ्या, खांदे उचलू देऊ नका, मग ‘स्’ असा एकसारखा आवाज वीस सेकंदांपर्यंत काढा. भीतीने श्वास छातीत वर अडकतो आणि वेग वाढतो. बोलण्याआधी दोनदा सावकाश श्वास सोडला तरी फरक पडतो.

उच्चारांत चाक, चूल, जुना, जाळं यांतले दंत्य (जीभ दातांजवळ नेऊन म्हणायचे) च-ज आणि सगळे ‘ळ’ तपासा. पण आपल्या नागपुरी बोलीतल्या ‘करून राहिलो’ची (म्हणजे ‘करतोय’ची) लाज बाळगू नका. परीक्षकांसमोर प्रमाण भाषा आणि मोहल्ल्यातल्या सभेत आपली बोली, दोन्ही सहज यायला हवं.

हातातला माइक तोंडापासून चार बोटांवर, किंचित तिरका धरा. समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ला फटफट ऐकू येते. जाळी मुठीत धरली किंवा माइक घेऊन स्पीकरसमोर गेलात तर शिट्टी वाजते. ‘हॅलो, हॅलो’ म्हणत बोटाने टकटक करण्यापेक्षा आपलं पहिलं वाक्यच आधी येऊन म्हणून बघा, आवाजवाल्याला त्यावरूनच पातळी लावता येते.

नागपुरात सीताबर्डीला विदर्भ साहित्य संघात किंवा कॉलेजात व्याख्यान असेल तेव्हा वही घेऊन मागे बसा. लोक कोणत्या मिनिटाला मोबाइल काढतात आणि त्याच्या आधी वक्ता काय म्हणाला, तेवढंच टिपा. मग स्वतःच्या रेकॉर्डिंगवर तीच वही चालवा: आधी नुसतं ऐका, मग आवाज बंद करून हात आणि नजर बघा.