बीएस्सीला इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम असेल तर आधी चित्र काढा, मग फॉर्म्युला

बारावीला इलेक्ट्रोस्टॅटिक्स झालेलं असतं त्यामुळे बीएस्सीला हा पेपर आला की वाटतं, अरे हे तर येतंय आपल्याला. पण तिथे फॉर्म्युल्यात आकडे टाकले की काम भागायचं, इथे तो फॉर्म्युला कुठे चालतो तेच विचारतात. फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं, आता ज्युनियर मुलांच्या शंका सोडवतो, आणि बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडतं, चित्र न काढता थेट इंटिग्रलला हात घालतात.

गॉसचा नियम घ्या, म्हणजे बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारा एकूण फ्लक्स (फील्डचा प्रवाह म्हणा) आतल्या चार्जवरून ठरतो. कुठल्याही बंद पृष्ठभागाला तो लागू आहेच, पण त्यातून फील्ड काढायचं तर सिमेट्री लागते. क्यूबच्या बरोबर मधोमध चार्ज ठेवला तर एका बाजूतून जाणारा फ्लक्स तोंडी सांगता येतो, एकूण फ्लक्सचा सहावा भाग, पण त्याच बाजूवर फील्ड सगळीकडे सारखं नसतं, मध्यभागी जास्त आणि कोपऱ्यांकडे कमी. कागदावर बाण काढा, लगेच दिसेल.

आणि उजव्या हाताचा नियम लावताना पेन खाली ठेवा, खरंच सांगतो! पेन उजव्या हातात असतं म्हणून मुलं नकळत डावा हात फिरवतात आणि दिशा उलटी येते.

ग्रॅडिएंट, डायव्हर्जन्स, कर्ल ही व्हेक्टर कॅल्क्युलसची हत्यारं मॅथ्सच्या तासाला येईपर्यंत थांबू नका, सुट्टीतच उरकून टाका.

प्रॅक्टिकलमध्ये सिरीज एलसीआर, म्हणजे कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर एकापुढे एक जोडलेलं सर्किट, मन लावून करा. 100 मिलिहेन्रीची कॉइल आणि 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर रेझोनन्स, म्हणजे करंट सगळ्यात जास्त होतो ती फ्रिक्वेन्सी, साधारण 1592 हर्ट्झला यायला हवा, टेबलावर तो थोडा इकडेतिकडे येतो कारण छापलेल्या किमतींना टॉलरन्स असतो, म्हणून जर्नलमधली रीडिंग्ज थिअरीशी जुळवत बसू नका प्लीज. पीकच्या आसपास रीडिंग्ज जवळजवळ घ्या, मोठ्या उड्या मारल्या तर पीक हातातून जातो. व्हायवाला हमखास विचारतात की कपॅसिटरवरचं व्होल्टेज सप्लायपेक्षा जास्त कसं. वरच्या किमतींना रेझोनन्सवर कॉइल आणि कपॅसिटर दोघांचा रिअॅक्टन्स (एसीला होणारा विरोध) 1000 ओहम येतो, सर्किटचा एकूण रेझिस्टन्स 100 असेल तर दहापट व्होल्टेज दिसणारच, फक्त दोघांची फेज उलटी असल्यामुळे ते एकमेकांना खाऊन टाकतात.

इलेक्ट्रोमॅग्नेटिक वेव्ह्जचा भाग शेवटी येतो म्हणून पुष्कळ जण ऑप्शनला टाकतात, मला याचं फार वाईट वाटतं, कारण आधीचं सगळं तिथेच जुळून येतं. कॅल्क्युलेटर घ्या, म्यू नॉट आणि एप्सिलॉन नॉट, म्हणजे निर्वाताचे मॅग्नेटिक आणि इलेक्ट्रिक स्थिरांक, यांचा गुणाकार करा, वर्गमूळ काढून उलटा करा, सेकंदाला जवळपास 3 लाख किलोमीटर, म्हणजे प्रकाशाचा वेग! तार, कॉइल, कपॅसिटर यांच्यावर मोजलेल्या आकड्यांतून प्रकाश बाहेर पडतो. प्रकाश ही इलेक्ट्रोमॅग्नेटिक लहर आहे हे सांगणारा मॅक्सवेलचा शोधनिबंध 1865 चा, आणि हर्ट्झने रेडिओ लहरी प्रयोगात दाखवल्या त्या 1887-88 च्या सुमारास.

पुणे-नाशिक पट्ट्यात असाल तर 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघून या. 45 मीटरच्या 30 डिश आहेत आणि त्यांचा पृष्ठभाग चक्क तारेच्या जाळीचा आहे. अवकाशातल्या हायड्रोजनची 1420 मेगाहर्ट्झची रेडिओ लहर 21 सेंटिमीटर लांब असते, जाळीची भोकं त्यापुढे इतकी बारीक की लहरीच्या दृष्टीने तो अखंड पत्राच, आणि वारा मात्र आरपार जातो त्यामुळे एवढ्या मोठ्या डिशवर त्याचा जोर कमी पडतो.