छोटं रिमफायर रिव्हॉल्व्हर: दुरुस्तीच्या घाईत होणाऱ्या चुका टाळा

पॉइंट टू-टूचं (.२२) छोट्या चणीचं रिव्हॉल्व्हर गोळ्या झाडून सहसा झिजत नाही. दाब कमी, धक्का नगण्य, गोळी मऊ शिशाची. त्याची वाट लागते ती मालकाच्या उत्साहाने. एखादं काडतूस उडालं नाही की स्प्रिंग बदल, सिलिंडर जड फिरलं की बाजूचं झाकण उघड, रंग उडालेला दिसला की पॉलिश मार. खालच्या बहुतेक चुका या घाईतूनच होतात. काहीही तपासण्याआधी सिलिंडर उघडून प्रत्येक चेंबर रिकामा आहे ना हे डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा.

काडतूस उडालं नाही म्हणून स्प्रिंगला हात घालणे

रिमफायर काडतुसात पेट घेणारा मसाला पुंगळीच्या दुमडलेल्या कडेत असतो. फायरिंग पिन ती कड चेंबरच्या काठावर चेपते आणि मसाला पेटतो. त्यासाठी ठोका जोरदार लागतो. म्हणून याच आकाराच्या सेंटरफायर (मसाला पुंगळीच्या बुडाच्या मधोमध असलेल्या) भावंडांपेक्षा .२२ चा डबल-अॅक्शन ट्रिगर, म्हणजे एकाच ओढीत हॅमर (घोडा) मागे नेऊन सोडणारा, बहुधा जड लागतो. तो हलका करायला कमजोर स्प्रिंग घातली की फुकट जाणाऱ्या काडतुसांची रांग लागते.

आधी निदान करा. काडतूस उडालं नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबा, कारण बार उशिरानेही होऊ शकतो. मग चेंबरवर पुसता येईल अशी खूण करा आणि तेच काडतूस त्याच चेंबरमध्ये पुन्हा मारून बघा. दुसऱ्या ठोक्याला उडालं तर पहिला ठोका काडतूस पुढे ढकलण्यातच खर्च झाला होता. म्हणजे चेंबर घाण आहे आणि काडतूस पूर्ण बसत नाही. तिथे नाही उडालं, पण थोडं फिरवून कडेच्या दुसऱ्या जागी ठोका दिल्यावर उडालं, तर कडेत मसाला सारखा पसरलेला नाही. दोष काडतुसाचा. नेहमी एकच चेंबर दगा देत असेल तर त्याचा काठ भिंगाखाली पाहा. सगळे चेंबर आणि सगळ्या कंपन्यांची काडतुसं अडखळत असतील, तरच संशय स्प्रिंगवर किंवा पिनवर घ्या.

स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीच्या जुन्या आय-फ्रेम या छोट्या सांगाड्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मेनस्प्रिंग (हॅमरला जोर देणारी स्प्रिंग) सपाट पट्टीची असते आणि मुठीच्या पुढच्या बाजूला तिला ताण देणारा स्क्रू असतो. कुणीतरी ट्रिगर हलका करायला तो ढिला केलेला असण्याची शक्यता बरीच. पूर्ण आवळला की अनेकदा आजार संपतो. गुंडाळीची स्प्रिंग असलेल्या नंतरच्या जे-फ्रेममध्ये हा स्क्रू नसतो, तिथे तो शोधत बसू नका.

बाराऐवजी नुसतं 'फुस्स' झालं तर मात्र पुढचा ट्रिगर ओढायचाच नाही. थोडं थांबून रिव्हॉल्व्हर रिकामं करा आणि नळीतून सळई घालून बघा. गोळी आत अडकलेली असताना दुसरी झाडली तर नळी फुगते.

बसतंय म्हणून भरणे

.२२ शॉर्ट हे काडतूस .२२ लाँग रायफल या नेहमीच्या लांब काडतुसाच्या चेंबरमध्ये चालतं, पण त्याची पुंगळी आखूड असल्याने तिच्या तोंडापुढे काजळी आणि शिशाचं कडं साठतं. नंतर लाँग रायफल भरायला गेलात की ती अर्धवट बसते किंवा झाडल्यावर निघता निघत नाही. लोक याला एजेक्टरचा (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाचा) दोष समजतात. ब्राँझच्या ब्रशने प्रत्येक चेंबर मागून नीट घासा, तक्रार मिटते.

मॅग्नमची गोष्ट वेगळी. १९५९ साली आलेल्या .२२ विंचेस्टर मॅग्नमची पुंगळी जाडीलाच मोठी आहे. लाँग रायफल त्या चेंबरमध्ये शिरते, पण सैल बसते आणि पुंगळी फाटते. रुगर कंपनीच्या सिंगल-सिक्स मॉडेलच्या काही संचांत यासाठी दुसरं सिलिंडर मिळतं. ते त्याच रिव्हॉल्व्हरशी जुळवलेलं असतं. बाजारात सुटं मिळालेलं सिलिंडर बसलं म्हणजे जुळलं असं नाही.

जुन्या नमुन्यांना तर जास्त जपावं लागतं. १९०२ ते १९२१ दरम्यान निघालेलं स्मिथ अँड वेसनचं चिमुकलं सात बारी लेडीस्मिथ .२२ लाँग या जुन्या, लाँग रायफलहून वेगळ्या काडतुसासाठी होतं. त्यात आजची वेगवान लाँग रायफल घालणं म्हणजे दुर्मीळ वस्तू मोडीत काढणं. १९३० च्या दशकात जास्त वेगाची काडतुसं रूढ झाल्यावर कारखान्यांनी चेंबरच्या तोंडाशी कड बसायला खोलगट घर करायला सुरुवात केली. तुमच्या सिलिंडरचा मागचा भाग सपाट असेल तर वेगवान काडतुसं वर्ज्य. मी असे नमुने कपाटातच ठेवतो.

सिलिंडर अडलं की जोर लावणे

दहांतल्या नऊ वेळा कारण एकच असतं: न जळलेल्या दारूचे कण एजेक्टरच्या चांदणीखाली (पुंगळ्यांच्या कडा उचलणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या तुकड्याखाली) अडकलेले असतात. पुंगळ्या काढताना नळी वर करा आणि रॉड एका दमात शेवटपर्यंत दाबा, म्हणजे कण खाली पडतात. राहिलेले जुन्या टूथब्रशने झाडा. तिथे तेल सोडू नका, त्याने कण आणखी चिकटतात.

सिलिंडर उघडतच नसेल तर एजेक्टर रॉड आटे सुटून पुढे सरकला असेल. स्मिथ अँड वेसनमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून याचे आटे उलटे आहेत, त्याआधीचे सरळ. हे न बघता पकड लावली की रॉडही जातो आणि चांदणीही. आवळताना चेंबरमध्ये रिकाम्या पुंगळ्या घाला, म्हणजे चांदणीला आधार मिळतो. आणि सिनेमातल्यासारखं मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करणाऱ्याच्या हाती रिव्हॉल्व्हर देऊच नये. ज्या दांड्यावर सिलिंडर फिरतं तो त्याने वाकतो.

रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढत बसणंही असंच. खाली कड नसली की पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते आणि तिथे खाच पडते. काही आधुनिक मॉडेलांना हे चालतं, पण कारखान्याच्या पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. सरावासाठी खोटी काडतुसं वापरा. भिंतीत स्क्रू बसवायचे लहान प्लास्टिकचे गट्टे वापरणारेही खूप आहेत. दिसायला हास्यास्पद, पण काम चोख.

जुन्याचं नवं करणे

संग्रहाच्या दृष्टीने ही सगळ्यात महाग चूक. मूळ ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) साठ टक्के उरलेलं रिव्हॉल्व्हर पुन्हा रंगवलेल्या चकचकीत रिव्हॉल्व्हरपेक्षा जाणकाराला जास्त हवंसं असतं. पॉलिश करताना कडा गोल होतात, अक्षरं पुसट होतात आणि ते परत आणता येत नाही. निकेलच्या मुलाम्यावर अमोनिया असलेलं द्रावण लावू नका. मुलाम्याला चीर असेल तर ते खालच्या तांब्याच्या थरापर्यंत पोचतं आणि पापुद्रे निघतात. चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण.

खरेदीच्या वेळी नंबर नीट वाचा. स्मिथ अँड वेसनवर १९५७ पासून मॉडेल नंबर सिलिंडर उघडल्यावर दिसणाऱ्या खोबणीत कोरलेला असतो. शेजारी जोडणीचा नंबरही असतो आणि हौशी लोक तोच सीरियल नंबर समजून वर्ष काढतात. खरा नंबर मुठीच्या तळाशी पाहा. मोठी ग्रिप बसवलेली असेल तर तो झाकला गेलेला असतो.

१९७३ च्या आधीच्या सिंगल-सिक्समध्ये ट्रान्सफर बार नाही, म्हणजे ट्रिगर ओढला तरच हॅमरचा ठोका पिनपर्यंत पोचवणारा सुरक्षेचा दुवा नाही. पूर्ण भरून हॅमर काडतुसावर टेकवला आणि रिव्हॉल्व्हर पडलं तर बार होऊ शकतो, म्हणून हॅमरखालचा चेंबर रिकामा ठेवायचा. रुगरचा कारखाना हा ट्रान्सफर बार मोफत बसवून देतो आणि काढलेले मूळ भाग परत पाठवतो. ते भाग जपून ठेवा. पुढचा संग्राहक आधी तेच मागेल.

जस्ताच्या मिश्रधातूची स्वस्त जुनी रिव्हॉल्व्हरं झाडण्यासाठी घेऊ नका. कायद्याच्या बाबतीतही सावध राहा: अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार संघीय कायद्याने पुरातन ठरतं, म्हणून ते इतरत्र परवान्याशिवाय चालेल असं मुळीच नाही.

नेम लागत नाही म्हणून साइट घासणे

आधी चार-पाच प्रकारची काडतुसं आणा आणि हात टेकवून प्रत्येकाच्या सहा-सहा गोळ्या झाडा. एकाच रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांचा पुंजका काडतुसागणिक लहानमोठा होतो आणि जागाही बदलतो. जड, संथ गोळी साधारणपणे वर लागते, कारण ती नळीतून बाहेर पडेपर्यंत नळी थोडी जास्त उचललेली असते. स्मिथ अँड वेसनच्या किट गनसारख्या मॉडेलात मागची साइट स्क्रूने हलते. एका वेळी एक-दोन खटकेच फिरवा. रुगरच्या बेअरकॅटची साइट मात्र बहुधा पक्की असते, तिथे गोळीच बदलून पाहायची. एवढं करूनही पुंजका घट्ट पण खाली लागत असेल, तेव्हाच पुढच्या साइटला कानस लावण्याचा विचार करा. तोही मूळ अवस्थेतल्या नमुन्यावर नाही.