उन्हाळ्यात ट्रेनने एका दिवसात शेजारचं शहर बघायचंय? आधी परतीची गाडी ठरवा

एका दिवसाच्या ट्रिपचं प्लॅनिंग बहुतेक जण "तिकडे काय काय बघायचं" इथून सुरू करतात आणि उन्हाळ्यात नेमकं तिथेच गणित चुकतं. माझं म्हणणं सरळ आहे, सुरुवात शेवटापासून करा. आधी परतीची गाडी पक्की करा, मग दुपारी १२ ते ४ कुठे बसणार ते ठरवा, आणि हे दोन झालं की उरलेल्या वेळात जे बसेल तेवढंच बघा. बाकीचं पुढच्या वेळी, शहर कुठे पळून जात नाही.

परतीसाठी शेवटची गाडी धरूच नका, तिच्या आधीची धरा आणि शेवटची राखीव ठेवा. कडक उन्हाळ्यात गाड्या लेट होतात त्याला एक ठोस कारण पण आहे. रूळ पोलादाचे असतात, तापले की लांबतात, म्हणजे १ किलोमीटरचा रूळ मोकळा सोडला आणि ३० अंशांनी तापला तर साधारण ३५ सेंटीमीटर वाढेल. पण बऱ्याच मार्गांवर रूळ सलग वेल्ड केलेले असतात, त्यांना पसरायला जागाच नसते, आतल्या आत दाब वाढत जातो आणि अती झालं तर रूळ बाजूला वाकू शकतो, म्हणून फार तापलेल्या दुपारी काही ठिकाणी गाड्या मुद्दाम हळू चालवतात. आपल्याच सेफ्टीसाठी आहे ते, पण पुढची गाडी चुकते ना! त्यामुळे मध्ये गाडी बदलायची असेल तर ५-७ मिनिटांच्या गॅपवर विसंबू नका, अर्धा तास तरी ठेवा. डायरेक्ट गाडी मिळत असेल तर थोडी स्लो असली तरी तीच घ्या.

एका बाजूचा प्रवास दोन-अडीच तासांच्या वर नको, त्याहून लांब असेल तर तिथे राहायचाच विचार करा.

टाइमटेबल बघताना ज्या दिवशी जाणार त्याच तारखेचं बघा, कारण रविवारी आणि सुट्टीला गाड्या वेगळ्या असू शकतात, रुळांच्या कामामुळे काही रद्द पण होतात. मोठ्या शहरात एकाहून जास्त स्टेशनं असतात, आपली गाडी नक्की कुठल्या स्टेशनवर थांबते आणि परतीची कुठून सुटते हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत, दोन्ही तपासा. तिकीट ठरावीक गाडीचंच आहे की दिवसभरात कुठलीही चालेल हे पण आधीच वाचून घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी उन्हाळ्यात दुसरं परवडतं, कारण उन्हाने थकलात तर लवकर निघता येतं. आणि सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

आता सीट. हे फार कमी लोक बघतात पण एसी नसलेल्या डब्यात यानेच अर्धा प्रवास सुखाचा होतो. गाडी ज्या दिशेला चाललीय तिकडे तोंड करून विचार करा. सकाळी उत्तरेला जाताय तर ऊन पूर्वेकडून म्हणजे उजवीकडून येणार, डावीकडे बसा. संध्याकाळी दक्षिणेकडे परत येताना ऊन पश्चिमेकडून, म्हणजे पुन्हा उजवीकडूनच, तेव्हा पण डावीकडेच बसा. दक्षिणेला जाणार असाल तर दोन्ही वेळा उजवीकडे. पूर्व-पश्चिम मार्ग असेल तर एवढा फरक पडत नाही.

सकाळची पहिली किंवा दुसरी गाडी घ्या, लवकर उठायचा कंटाळा येतो मान्य आहे पण उघड्यावरचं जे काही आहे, किल्ला, बाग, जुनी गल्ली, नदीकाठ, ते सगळं ११ च्या आत उरकलं पाहिजे. ऊन डोक्यावर १२-१ ला येतं पण हवा सगळ्यात जास्त तापते ती ३-४ च्या सुमारास, कारण तापलेली जमीन हवेला तापवतच राहते. म्हणून "दोन वाजले, आता कमी होईल" असं समजून बाहेर पडू नका. हा वेळ म्युझियम, लायब्ररी, सावकाश जेवण, असं छताखाली घालवा. म्युझियमचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस बघून जा, बऱ्याच ठिकाणी तो सोमवार असतो.

चालताना सावलीची बाजू पकडा. उत्तर-दक्षिण रस्ता असेल तर सकाळी पूर्वेकडचा फुटपाथ आणि संध्याकाळी पश्चिमेकडचा, बिल्डिंगची सावली तिथेच पडते.

पाण्याचं सांगायचं तर तहान लागायची वाट बघू नका, दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन घोट प्या. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय हे नक्की. खूप घाम गेला तर ओआरएसचं पाकीट जवळ असू द्या, नसेलच तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, अंदाजाने जास्त मीठ टाकू नका, त्याने उलट त्रास होतो. ज्यांना बीपी, शुगर किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी हे आधी डॉक्टरांना विचारून घ्या. सनस्क्रीन ३० एसपीएफ किंवा वरचं आणि दर दोन तासांनी परत लावायचं, सकाळी एकदा फासून दिवसभर चालत नाही.

सोबत लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर यादीतली निम्मी ठिकाणं सरळ कापा. चक्कर, मळमळ, डोकेदुखी सुरू झाली की सावलीत बसवा, कपडे सैल करा, मानेवर ओला रुमाल ठेवा, थोडं थोडं पाणी द्या. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, शुद्ध हरपायला लागली किंवा अंगाचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं तर तो उष्माघात असू शकतो, लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी मारून वारा घालत राहा, शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

फोन आणि पॉवर बँक उन्हात ठेवू नका, फोन तापला की चार्जिंग थांबवतो, कधी बंदच पडतो, आणि तिकीट त्यातच असतं. मॅप ऑफलाइन डाउनलोड करा, एक कागदी प्रिंट बॅगेत टाका.

परतताना स्टेशनवर अर्धा तास आधी पोचा, बाटली भरून घ्या, प्लॅटफॉर्म बोर्डवर परत एकदा बघा, आयत्या वेळी बदलतात. आणि एक जादा टी-शर्ट न्याच, दिवसभर घामाने भिजलेल्या कपड्यात एसी डब्यात बसलात की थंडी वाजते, गाडीत चढायच्या आधीच बदलून घ्या.