दिवस राहत नाहीयेत, डॉक्टरकडे कधी जायचं?

लग्नाला सहा महिने झाले की 'काय गं, काही विशेष?' सुरू होतं, पण काकूंच्या कॅलेंडरवर जाऊ नका. बाईचं वय ३५ च्या आत असेल आणि काही न वापरता नियमित संबंध असतील तर एक वर्ष थांबायला हरकत नाही, बहुतेकांना तेवढ्यात राहतंच. ३५ च्या पुढे सहा महिने, चाळिशी आली असेल तर थांबूच नका.

पाळी २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांनंतर येत असेल, पाळीत उठवत नाही इतकं दुखत असेल, पूर्वी टीबी झाला असेल (आपल्याकडे यामुळे गर्भाशयाच्या नळ्या बंद झालेल्या बऱ्याच केसेस निघतात), किंवा नवऱ्याला मोठेपणी गालगुंड होऊन वृषण सुजले असतील, तर वर्ष मोजत बसू नका, लगेच दाखवा.

आणि हो, पहिल्याच दिवशी दोघांनी जायचं. बायकोच्या सोनोग्राफ्या, रक्त, एचएसजी (नळ्या मोकळ्या आहेत का बघायचा एक्स-रे) सगळं होतं आणि साहेबांची सीमेन टेस्ट (वीर्यतपासणी) मात्र 'बघू नंतर', हे डोक्यात जातं माझ्या! सगळ्यात सोपी, स्वस्त टेस्ट तीच आहे, आधी २ ते ७ दिवस संबंध नकोत, नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचवायचा, घरून नेणार असाल तर डबी शर्टाच्या आत अंगाशी धरून न्या, थंड होऊ देऊ नका. रिपोर्ट खराब आला तर घाबरू नका, डॉक्टर बहुतेक वेळा परत करायला सांगतात.

बायकोने फॉलिक अॅसिडची गोळी मात्र आजपासूनच, रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि नवरोबा, तंबाखू बंद.