रेघांना मात्रा नसतात : व्हिडिओ गेम आणि टॅब यांच्या साहाय्याने गिटार शिकताना

जून २०१९ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, मी पहिल्यांदा गिटार हातात घेतली. लहानपणी सदाशिव पेठेतल्या एका क्लासात तीन वर्षे पेटी शिकले होते, तेवढीच संगीताची शिदोरी होती. कोथरूडला राहून हिंजवडीला नोकरी करणाऱ्या माणसाला संध्याकाळचा क्लास वेळेवर गाठणे कितपत जमते, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. त्यामुळे रात्री साडेनऊनंतर, हेडफोन लावून, शेजाऱ्यांची झोप न मोडता शिकता येईल असा मार्ग मला हवा होता, आणि तो एका व्हिडिओ गेमच्या रूपाने सापडला. पुढे त्याला टॅब या गिटारच्या लिपीची जोड मिळाली. माझ्यासारख्या उशिरा सुरुवात करणाऱ्यांना, विशेषतः ज्यांच्या कानावर आधी पेटी किंवा तबला पडलेला आहे त्यांना, या मार्गावर काय मिळते आणि कुठे फसगत होते, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

युबीसॉफ्ट या कंपनीचा रॉकस्मिथ हा खेळ २०११ मध्ये आला आणि त्याची सुधारित आवृत्ती, रॉकस्मिथ २०१४, ही २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये आली. मी शिकले ती या दुसऱ्या आवृत्तीवर. आता कंपनीचा भर रॉकस्मिथ प्लस या वर्गणी भरून वापरायच्या सेवेवर आहे, पण मूळ कल्पना तीच आहे. गिटारच्या इतर अनेक खेळांत रंगीत बटणांचे प्लास्टिकचे खेळणे लागते, तर यात खरी गिटार लागते. त्यासाठी एका टोकाला जाडा जॅक आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी अशी एक खास केबल असते. तिच्यातून तुमचा स्वर संगणकात जातो आणि खेळ तो योग्य स्वर योग्य वेळी आला की नाही, हे तपासतो. पडद्यावर एक रस्ता तुमच्या दिशेने सरकत येतो, त्यावर फ्रेटचे, म्हणजे गिटारच्या गळ्यावर आडव्या पट्ट्यांनी पाडलेल्या घरांचे, आकडे असतात, आणि प्रत्येक तारेला एक रंग असतो: सर्वांत जाड तार लाल, मग पिवळी, निळी, नारिंगी, हिरवी आणि सर्वांत बारीक जांभळी. पहिल्या दिवशी गाण्यातला दहातला एखादाच स्वर तुमच्या वाट्याला येतो. तो जमू लागला की खेळ आपणहून आणखी स्वर वाढवत जातो, आणि चुका वाढल्या की तितक्याच मुकाट्याने ते कमी करतो.

गिटार घेताना एक गोष्ट मला कुणी सांगितली असती, तर दोन महिन्यांचा त्रास वाचला असता. या खेळात निरनिराळ्या गाण्यांसाठी तारा निरनिराळ्या जुळवाव्या लागतात. ज्या गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा जिथे टेकतात तो खालचा भाग, स्प्रिंगवर तरंगता असतो, तिची एक तार उतरवली की बाकीच्या पाचही चढतात आणि मग जुळवाजुळवीतच रात्र संपते. नवशिक्याने फिक्स्ड ब्रिजचीच गिटार घ्यावी. माझी पहिली गिटार तरंगत्या ब्रिजची होती, कारण ती दिसायला छान होती.

दुसरी अडचण विलंबाची. पहिले तीन आठवडे मी प्रत्येक स्वर वेळेवर वाजवत होते, असे मला वाटत होते, आणि खेळ प्रत्येक स्वराला उशीर झाल्याचे दाखवत होता. दोष बोटांचा नव्हता, मी आवाज ब्लूटूथ हेडफोनवर ऐकत होते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा असतो आणि त्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा. बिनतारी हेडफोनमुळे आवाज सहज शंभर-दीडशे मिलिसेकंद मागे पडतो, म्हणजे तबलजीने धा वाजवावा आणि तो तुम्हाला पाव मात्रा उशिरा ऐकू यावा, अशातला प्रकार. शेवटी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन हेडफोनची साधी लांब वायर आणली आणि तक्रार मिटली. मोठ्या टीव्हीवर खेळणाऱ्यांनी टीव्हीचा गेम मोड सुरू करावा, कारण टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो तोही याच हिशेबात धरावा लागतो. खेळाच्या सेटिंगमध्ये विलंबाची भरपाई करण्याची सोय आहे, पण ती वायर बदलल्यानंतर वापरावी, वायरीऐवजी नव्हे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. चार महिन्यांत माझी बोटे कठीण झाली, टोकांना घट्टे पडले, आणि आठ-दहा गाण्यांत खेळ मला नव्वद टक्क्यांच्या वर गुण देऊ लागला. मग एका गुरुवारी, आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते त्या दिवशी, मी सुट्टी घेऊन घरी असताना गाण्याच्या मध्यावर पडदा काळा झाला. इलेक्ट्रिक गिटार विजेवाचून मुकी होत नाही, बारीक का होईना वाजते. मी पुढची ओळ वाजवायला गेले आणि मला ती येतच नव्हती. नव्वद टक्के गुण मिळवलेल्या गाण्याची पुढची ओळ कोणत्या तारेवर सुरू होते, हेही आठवेना. मी गाणे शिकले नव्हते, येणाऱ्या आकड्यांना वेळेवर उत्तर द्यायला शिकले होते.

म्हणून मी टॅबकडे वळले. टॅब म्हणजे टॅब्लेचर, गिटारसाठीची लिपी. सोळाव्या शतकात युरोपात ल्यूटसाठी असे लेखन होत असे, त्याच कुळातली ही. सहा आडव्या रेघा म्हणजे सहा तारा, सर्वांत वरची रेघ सर्वांत बारीक तारेची, आणि रेघेवरचा आकडा म्हणजे कितव्या फ्रेटवर बोट ठेवायचे ते. शून्य म्हणजे मोकळी तार. आपल्याकडच्या माणसाला ही कल्पना परकी वाटायचे कारण नाही. पेटीवर आपण ‘काळी एक’, ‘पांढरी पाच’ म्हणतो, तेव्हा स्वराचे नाव न सांगता पट्टीची जागाच सांगत असतो. टॅबही तसाच जागा सांगतो. पेटी येणाऱ्यांसाठी सोयीचे म्हणून सांगते: गिटारच्या मोकळ्या तारा जाडीकडून बारकीकडे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन अशा जुळलेल्या असतात, आणि प्रत्येक फ्रेट म्हणजे काळ्या-पांढऱ्या धरून एक पट्टी पुढे.

मी छापून घेतलेला टॅब जेवणाच्या टेबलावर पडला होता. माझे मामा पन्नास वर्षे भजनी मंडळात पेटी वाजवत आले आहेत. त्यांनी तो कागद उचलला, चष्मा वर केला आणि टेबलावर बोटाने मात्रा मोजत वाचायला लागले. मग थांबले.

“अगं, ही रेघ म्हणजे मात्रा ना? मग इथे तीन मात्रा थांबायचं आणि इथे दोन?”

मी म्हटले, “नाही मामा, ती नुसती तार आहे. दोन आकड्यांमध्ये जागा सोडायची म्हणून रेघ.”

“मग मात्रा कुठे आहेत?”

मी कागद उलटा-सुलटा पाहिला. मात्रा कुठेच नव्हत्या.

भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत स्वरापुढची आडवी रेघ म्हणजे तोच स्वर आणखी एक मात्रा धरायचा. टॅबमध्ये तशीच दिसणारी रेघ काहीच सांगत नाही. टाइप करणाऱ्याने आकडे अंदाजे दूर-जवळ ठेवलेले असतात आणि त्यावरून लयीचा तर्क करायचा असतो. मामांनी माझ्याकडून गाणे दोनदा ऐकले आणि पेन्सिल घेतली. कागदावर सर्वांत खालच्या रेघेवर ०-०-३-०-५-३ असे सहा आकडे सारख्या अंतरावर होते. मामांनी दुसरा आणि तिसरा आकडा मिळून खाली एक अर्धचंद्र काढला, शेवटच्या दोन आकड्यांखाली दुसरा काढला, आणि म्हणाले, “या जोड्या एकेका मात्रेत. बाकीचे दोन एकेक मात्रेचे. झाल्या चार.” खेळात हीच ओळ मी शंभरदा वाजवली होती, पण तिच्यात चार मात्रा आहेत हे त्या टेबलावर पहिल्यांदा कळले.

खेळ आणि टॅब यांचे नाते मला त्या अर्धचंद्रांमुळे समजले. टॅबमध्ये जागा आहे पण वेळ नाही. खेळात वेळ आहे, पण तो थांबत नाही, त्यामुळे नजरेला ओळीची घडण कधी दिसत नाही. एकावरच विसंबणारा अर्धवट राहतो. नुसत्या टॅबवर शिकलेले लोक सगळे आकडे बरोबर वाजवतात, पण गाणे ओळखू येत नाही. नुसत्या खेळावर शिकलेले काय करतात, ते गुरुवारी कळतेच.

त्यानंतर मी जी पद्धत ठेवली ती अशी. आधी गाणे हेडफोनवर चार-पाच वेळा, गिटार खाली ठेवून, हाताने टाळी धरत ऐकायचे. मग टॅब समोर घेऊन प्रत्येक मात्रेखाली पेन्सिलने खूण करायची आणि एका मात्रेत येणारे आकडे अर्धचंद्राने बांधायचे. यानंतरच खेळ सुरू करायचा. खेळात रिफ रिपीटर नावाची सोय आहे, तिथे गाण्याचा एकच तुकडा निवडून, वेग कमी करून, तो पुन्हापुन्हा वाजवता येतो. काठिण्य खेळावर न सोडता मी ते तिथे पूर्णावर ठेवते आणि वेग निम्म्यावर आणते, कारण निम्मे स्वर पूर्ण वेगात वाजवून बोटांना जी सवय लागते ती पुढे मोडावी लागते. एखादे गाणे पुरते हातात आले की खेळ पडद्यावरचे आकडे हळूहळू पुसत नेतो. याला तिथे मास्टर मोड म्हणतात. बरेच जण वैतागून तो बंद करतात. मीही केला होता. आता वाटते, संपूर्ण खेळात सर्वांत कामाची गोष्ट तीच आहे.

खेळाच्या सेटिंगमध्ये तारांचा क्रम उलटवता येतो. टॅबमध्ये बारीक तार वर असते, तसाच क्रम पडद्यावरही ठेवला तर डोक्यात दोन नकाशे बाळगावे लागत नाहीत. टॅबमधली इतर चिन्हे आठवड्याभरात अंगवळणी पडतात: ‘एच’ म्हणजे पिक (तार छेडायची छोटी चकती) न लावता पुढच्या फ्रेटवर बोट आपटून स्वर काढणे, ‘पी’ म्हणजे बोट तारेवरून ओढून काढत मागच्या स्वरावर येणे, ‘बी’ म्हणजे तार ताणून स्वर चढवणे, तिरकी रेघ म्हणजे घसीट. मींड ज्याने ऐकली आहे त्याला शेवटच्या दोन गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत, बोटांना मात्र सांगाव्या लागतात.

इंटरनेटवर फुकट मिळणारे टॅब कुणीतरी कानाने ऐकून लिहिलेले असतात आणि त्यांत चुका असतात. एकाच गाण्याचे दोन टॅब वेगळे दिसले तर घाबरू नये. तोच स्वर गिटारवर अनेक जागी मिळतो. सर्वांत जाड तारेचा पाचवा फ्रेट आणि तिच्या शेजारची मोकळी तार यांचा स्वर एकच. गिटार प्रो किंवा मोफत मिळणाऱ्या टक्सगिटार यांसारख्या प्रोग्रॅममधल्या फायलींत आकड्यांबरोबर काळही लिहिलेला असतो आणि फाईल वाजवून ऐकता येते, म्हणून शक्य असेल तिथे मी आता तशीच फाईल शोधते.

जागांच्या याच गुणामुळे खेळाचा एक आंधळेपणाही निघतो. तो फक्त स्वर ऐकतो. तुम्ही तो कोणत्या तारेवर काढला, कोणत्या बोटाने काढला, पिक खाली मारली की वर, यातले त्याला काही दिसत नाही. कॉर्डमधली, म्हणजे एकदम वाजवायच्या स्वरांच्या जुळणीतली, एखादी तार मुकी राहिली तरी तो पुष्कळदा बरोबरची खूण देऊन मोकळा होतो. आठ महिन्यांनंतर मनगट दुखायला लागले तेव्हा मी एका शिक्षकांकडे सहा तास घेतले. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी दाखवले की माझा डावा अंगठा गिटारच्या गळ्यावरून वर येऊन आवळलेला असतो, मनगट काटकोनात वळलेले असते आणि उजवा हात सगळे स्वर खालच्याच फटक्याने वाजवतो. ते सुधारायला चार महिने लागले. हे सहा तास आठव्या महिन्याऐवजी पहिल्या महिन्यात घ्यावेत, असे मी प्रत्येक नवशिक्याला सांगते. बाकी सगळे घरी खेळावर करा.

वेळेचे म्हणाल तर रोजची पंचवीस मिनिटे मला पुरली, रविवारचे तीन तास पुरले नाहीत. पावसाळ्यात वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, नाहीतर ऑगस्टपर्यंत गंज धरतो आणि बोटे काळी होतात.

सध्या गुरुवारी संध्याकाळी मामा पेटी घेऊन येतात. त्यांचा आवाज काळी एकमध्ये बसतो, म्हणून मी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावते आणि सी च्या, म्हणजे पांढरी एकच्या, कॉर्ड धरते, म्हणजे गिटार आपोआप त्यांच्या पट्टीत येते. ते अभंग सुरू करतात, मी टॅब लिहिलेली वही उघडी ठेवते. दुसऱ्या अंतऱ्याला मी अजून अर्धी मात्रा मागे पडते, आणि ते पेटीवरची नजर न काढता डाव्या पायाने ठेका मोठ्याने आपटतात.